२४० किलोवॅटचा चार्जर घेण्याआधी डीपीकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेवराईहून बीडकडे जाताना गढीच्या बाजूला, धुळे–सोलापूर महामार्गाला लागून वीस गुंठे जागा आहे, त्यावर वडिलांच्या काळापासूनचा ढाबा आहे. एका एजंटाने २४० किलोवॅटचा कार चार्जर सुचवलाय. म्हणतो अनुदान मिळेल, दीड वर्षात पैसे सुटतील, आणि चार्जिंगचं 'लायसन्स' काढून द्यायचे पन्नास हजार वेगळे. तुम्ही विचारताय, किती किलोवॅटचा घ्यावा आणि पैसे खरंच सुटतात का.

लायसन्सचं आधी उरकून घेतो. चार्जिंग स्टेशनला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही. वीजजोडणी लागते, सुरक्षेचे नियम पाळावे लागतात, महामार्गावरून आत-बाहेर करायच्या रस्त्याची परवानगी लागते, जमीन अकृषिक आहे का ते बघावं लागतं. पण 'चार्जिंगचं लायसन्स' नावाचा कागद नाही. पन्नास हजार खिशात ठेवा.

मी परभणीकडचा. बावीस वर्षं विजेची कंत्राटं घेतोय: डीपी (गावात खांबावर असतो तो ट्रान्सफॉर्मर), अकरा केव्हीची लाईन, जिनिंग आणि दाल मिलची पॅनल. गेल्या चारेक वर्षांत चार्जरची कामं यायला लागली. चार्जर विकत नाही, त्यामुळे तुम्ही मोठा घेतला काय नि छोटा घेतला काय, मला फरक पडत नाही.

तुम्ही प्रश्न यंत्राचा विचारलाय. अडचण यंत्राची नाही, त्याच्या मागच्या विजेची आहे. बोअरला पाणी दोन इंची आणि वर पाइप चार इंची टाकला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. चार्जर म्हणजे तो पाइप.

आकडे बघा. ६० किलोवॅटचा चार्जर पूर्ण ताकदीने चालला की ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर फेजमागे साधारण ९० अँपिअर ओढतो. २४० चा ओढतो साडेतीनशेच्या पुढे. आपल्याकडे गावोगाव उभ्या असलेल्या डीपी ६३ किंवा १०० केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद, ढोबळमानाने किलोवॅटच समजा). त्यावर पिठाची गिरणी, घरं आणि पाणीपुरवठ्याची मोटर आधीच लटकलेली. २४० साठी तुमच्या एकट्याचा ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाची जोडणी, त्या दाबाचं सीटी-पीटी मीटर, विद्युत निरीक्षकाची तपासणी, एवढं सगळं आलं. एजंटाने दिलेल्या कोटेशनमध्ये हे धरलंय का बघा. बहुतेक 'वीजजोडणी ग्राहकाने करून द्यावी' अशी एक ओळ खाली बारीक अक्षरात असेल. ती एक ओळ कधीकधी चार्जरइतकी महाग पडते.

दुसरी गोष्ट फिडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनची. समोरून तारा जातात म्हणजे चोवीस तास वीज आहे असं नाही. शेतीचा फिडर असेल तर आठ तास, तेही पाळीने. तुमची जोडणी गावठाण फिडरवरून हवी, आणि जमलं तर उपकेंद्रावरून थेट एक्स्प्रेस फिडर, म्हणजे फक्त तुमच्यासाठीची लाईन. वायरमनला नुसतं 'लाईट राहते का' विचारू नका, तो हो म्हणेल. कुठल्या उपकेंद्राचा कुठला फिडर, उपकेंद्र तुमच्यापासून किती किलोमीटर, आणि तुम्ही त्या लाईनच्या सुरुवातीला आहात की शेपटाला, हे विचारा.

शेपटाला असलं की काय होतं ते एकदा जवळून बघितलंय. साइट कुठली ते सांगत नाही. मराठवाड्यातलाच एक हायवेवरचा ढाबा, ६० किलोवॅटचा नवा चार्जर. ऑक्टोबरमध्ये चालू केला, दोन महिने मस्त चालला. डिसेंबरात मालकाचा फोन, रोज संध्याकाळनंतर चार्जर आपोआप बंद पडतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन कार्ड बदलून गेला होता. मी एका संध्याकाळी पॅनलपाशी खुर्ची टाकून मीटर लावून बसलो. सहाला ४०२ व्होल्ट. साडेसहाला ३८८. सातनंतर आजूबाजूच्या ऊस-हरभऱ्याच्या मोटारी एकेक करून चालू व्हायला लागल्या. अंधारात आवाज ऐकू यायचा आणि इकडे आकडा उतरायचा. ३७१, ३६०, ३४८. चार्जर सहसा ४१५ च्या दहा-पंधरा टक्के खालपर्यंत तग धरतात, त्याखाली स्वतःला वाचवायला बंद होतात. यंत्र बरोबरच वागत होतं. शेजारी उभा राहिलेला वायरमन म्हणाला, "सायेब, लाईट हाय, पण दम न्हाई."

त्याच वेळी हैदराबादकडची एक गाडी आली, बॅटरी ९ टक्के. नवरा-बायको, दोन लेकरं आणि आजीबाई. शेवटी भटारखान्यातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून वायर काढून गाडी लावली. त्यावर तासाला तीन युनिटच्या आसपास जातात. म्हणजे रात्रभर मुक्काम. मालकाने बाजा टाकून दिल्या, जेवणाचे पैसे घेतले नाहीत, पण ते कुटुंब त्या रस्त्याने परत त्याच्या भरवशावर येणार नाही. आणि असे लोक ॲपवर लिहितात.

तिथे उपाय काय निघाला? स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, त्याचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) वाढवून घेतला, आणि तोवर चार्जरची मर्यादा संध्याकाळी ३० किलोवॅटवर बांधून ठेवली. हळू चालला, पण चालला. ट्रान्सफॉर्मर आधीच मागितला असता तर ही वेळ आली नसती. नियमाप्रमाणे ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत मिळायला हवी, पण ती मुदत लाईन वाढवायची किंवा नवी डीपी टाकायची गरज नसेल तेव्हाची. तुमच्या जागेला ती गरज लागणारच असं धरून चाला आणि चार्जरची ऑर्डर जोडणीचं एस्टिमेट हातात आल्यावरच द्या. उलटं करणाऱ्यांचे चार्जर सहा-सहा महिने ताडपत्रीखाली पडलेले बघितलेत.

आता किलोवॅटकडे येतो. चार्जर किती देऊ शकतो यापेक्षा गाडी किती मागते हे महत्त्वाचं. डीसी चार्जिंगमध्ये, म्हणजे अशा फास्ट चार्जरवर, हुकूम गाडीचा चालतो. आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या बघा. टियागो साधारण पंचवीस किलोवॅटपर्यंत घेते. नेक्सॉन, विंडसर या वर्गातल्या गाड्या पन्नासच्या आसपास. महिंद्राच्या नव्या मोठ्या गाड्या किंवा हॅरियर शंभरच्या पुढे घेतात, पण त्याही बॅटरी रिकामी असताना. साठ-सत्तर टक्क्यांनंतर ओढ कमी होत जाते, ऐंशीनंतर तर ठिबक सिंचन. म्हणजे २४० च्या चार्जरवर नेक्सॉन लावली तर ती पन्नासच घेणार. दोन्ही गनला (गाडीत खुपसायच्या प्लगला) दोन नेक्सॉन लागल्या तरी निम्म्याहून जास्त क्षमता तशीच पडून, आणि तिच्यासाठी ओढलेली उच्चदाबाची लाईन मात्र तुमच्या खर्चात.

म्हणून तुमच्या जागेसाठी माझं मत: ६० किलोवॅटची दोन वेगवेगळी यंत्रं, प्रत्येकाला दोन सीसीएस-२ गन (आपल्याकडच्या कारना लागणारा प्लग). एकाच १२० च्या यंत्रापेक्षा हे थोडं महाग पडेल. तरी मी दोनच सांगतो, कारण हायवेवर एक यंत्र बंद पडलं की तुमचं स्टेशन बंद. दोन असली तर एक चालू राहतं, आणि 'गढीला गेलं की चार्ज मिळतोच' ही खात्रीच तुमचं भांडवल आहे. एक ध्यानात ठेवा, ६० च्या यंत्रावर दोन गाड्या एकदम लागल्या की प्रत्येकीला तीस मिळतात. म्हणून पहिली गाडी एका यंत्राला आणि दुसरी दुसऱ्या यंत्राला लावायची, हे तुमच्या पोराला शिकवून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण पाट्या लावूनही लोक जवळच्या गनलाच गाडी लावतात.

केबलचा चर खोदताना मात्र कंजुषी नको. आज १२० ची गरज असली तरी पाइप जाड टाका, एक पाइप रिकामा ठेवा आणि ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याला जागा सोडा. तीन वर्षांनी गाड्या बदलल्या की तिसरं यंत्र मोठं घ्या. फरशी फोडून परत चर खोदायचा म्हणजे चालता धंदा महिनाभर धुळीत.

हे उत्तर सगळीकडे लागू होत नाही. समृद्धी महामार्गाच्या जालना किंवा सावंगीच्या बाजूला जागा असती तर मी वेगळं बोललो असतो. तिथे कारला ताशी १२० ची परवानगी आहे. वेग ८० वरून १२० वर नेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. युनिटमागे सात किलोमीटर देणारी गाडी पाचवर येते. शिवाय तिथला माणूस नागपूर किंवा मुंबई गाठायच्या घाईत असतो, त्याला वीस मिनिटांत निघायचं असतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफीही जाहीर झाली, त्यामुळे तिकडे मोठा चार्जर शोभतो. संभाजीनगर शहरात जालना रोडवर टाकायचा असता तर टॅक्सीवाले आणि फ्लॅटमध्ये पार्किंग नसलेले लोक गिऱ्हाईक, त्यांचा हिशोब आणखी निराळा. तुमच्या रस्त्यावरचा माणूस संभाजीनगरहून नव्वद-शंभर किलोमीटर आलेला, पुढे बीड, धाराशिव, तुळजापूर किंवा गढीवरून माजलगाव–परभणीकडे जाणारा. त्याला चहा, जेवण आणि संडास हवाय. चाळीस मिनिटं तो आनंदाने बसतो. ४५ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २७ युनिट लागतात, सरासरी चाळीस किलोवॅटने चाळीस मिनिटं. थाळी येऊन संपायला तेवढाच वेळ लागतो.

आता पैशांचं. हे आकडे हिशोब समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही बदलून बघा. समजा सगळं मिळून २० लाख लागले. गाडीमागे सरासरी २२ युनिट. वीजबिल, १८ टक्के जीएसटी, ॲपवाल्याचा वाटा आणि देखभाल जाऊन युनिटमागे ६ रुपये हातात राहिले. दिवसाला सहा गाड्या आल्या तर १३२ युनिट, म्हणजे रोजचे आठशेच्या आत, महिन्याला चोवीस हजाराच्या आसपास. वीस लाख सुटायला सात वर्षं. पंधरा गाड्या आल्या तर तीन वर्षांच्या आत. एजंटाच्या दीड वर्षासाठी रोज २८ गाड्या लागतात, श्रावणातल्या सोमवारपासून पितृपक्षापर्यंत, एकही दिवस खाडा न होता. आणि त्याच्या २४० च्या बेतात खर्च वीस लाखांवर थांबत नाही, तेव्हा अठ्ठावीससुद्धा कमीच पडतील.

मग करू नये का? पेट्रोल पंपासारखा निव्वळ धंदा म्हणून बघितलं तर मी थांबा म्हणेन. पण तुमचा ढाबा आहे. चार्जिंगला थांबलेल्या गाडीतली चार माणसं जेवतात, आणि जेवणातली कमाई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते. तुमचा हिशोब तिथे बसतो. नवरात्रात तुळजापूरची गर्दी, शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, या दिवसांत रांग लागेल. पावसाळ्यात एखाद्या मंगळवारी दोन गाड्या येतील. उन्हाळ्यातला रविवार बघून अख्ख्या वर्षाचा गुणाकार करू नका.

अनुदानाबद्दल: पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत, हे खरं आहे. पण ते सरकारी नोडल संस्थांमार्फत येतं, एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डावर नाही. मिळालं तर चांगलंच, पण ते वजा करून कर्ज काढू नका.

वीजदराचं एक ध्यानात घ्या. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंगची वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळी १.३ पट असावी. राज्यातला प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतो, तो ताजा आदेश बघूनच हिशोब करा. पण दिवसा स्वस्त आणि रात्री महाग हा कल पक्का आहे. तुमचं गिऱ्हाईक दुपारच्या जेवणाचं जास्त असेल तर ते तुमच्या फायद्याचं. ढाब्याच्या पत्र्यावर २० किलोवॅट सोलर टाकलं तर दिवसाला ऐंशीच्या आसपास युनिट निघतील, बिलाला हातभार लागेल. त्यावर थेट चार्जर चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि मीटर वेगळं घ्या. चार्जिंगचा दर वेगळ्या वर्गवारीत असतो. त्या मीटरवर ढाब्याचा फ्रीज जोडला, किंवा ढाब्याच्या मीटरवर चार्जर, आणि पथक आलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. 'एक बल्ब तर आहे' असं म्हणणाऱ्यांनी चांगलेच पैसे भरलेत.

आता आपल्या मातीचं. हे पुण्याहून आलेल्या इंजिनिअरला सांगूनही पटत नाही. तुमच्याकडे काळी जमीन असणार. जानेवारीत अर्थिंगचा खड्डा केला, मीटर लावला, १.८ ओहम (हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं), सगळे खूश. त्याच खड्ड्यापाशी मी मे महिन्यात गेलो तर माती आकसून पाइपापासून सुटलेली, भेगेत हाताची चार बोटं जात होती. रीडिंग ११. गाडी आणि चार्जर दोघंही अर्थिंग तपासतात. शंका आली की चार्जिंग सुरूच होत नाही, आणि स्क्रीनवर जो इंग्रजी संदेश येतो तो वाचून ड्रायव्हर म्हणतो, चार्जर खराब आहे. खोल जा, मुरूम किंवा खालचा ओलावा लागेपर्यंत. दोन नाही, चार खड्डे करा, एकमेकांना जोडा, उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. चार्जरचा ओटाही नुसत्या काळ्या मातीवर बांधू नका, माती काढून मुरूम भरा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात यंत्र कलतं. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या आत राहिलं पाहिजे, हा माझा आग्रह असतो.

ऊन तुम्हाला माहीतच आहे. ४२-४३ अंशात पत्र्याच्या पेटीतलं यंत्र आतून आणखी तापतं आणि स्वतःची ताकद कमी करतं. मग ६० चं ४० होतं आणि गिऱ्हाईक घड्याळ बघतं. वर उंच शेड, पश्चिमेच्या बाजूने आडोसा, आणि हवेची जाळी महिन्यातून एकदा झटकणं. कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी. शेड फक्त यंत्रावर नको, गाडी लावायच्या जागेवरही हवी. मोबाईलच्या रेंजचंही बघा. चार्जर सिमवर चालतो, रेंज गेली की ॲपवरून पैसे कापले जात नाहीत आणि गन सुरू होत नाही. दोन कंपन्यांची सिम, आणि नेट नसतानाही चालू करता येईल असं एक कार्ड ढाब्याच्या गल्ल्यात, एवढं करून ठेवा.

समजा तुम्ही पैसे न घालता एखाद्या चार्जिंग कंपनीला जागा दिली, तर करारात तीन गोष्टींवर अडून बसा. वीजजोडणी तुमच्या नावावर. कंपनी तीन वर्षांनी निघून गेली तरी ट्रान्सफॉर्मर आणि मंजूर भार तुमच्याकडे राहिला पाहिजे. पण मग बिलही तुमच्याच नावावर येणार, म्हणून दोन महिन्यांच्या बिलाइतकी अनामत आगाऊ घ्या. आणि बंद पडलेलं यंत्र किती दिवसांत दुरुस्त होणार ते लिहून घ्या, नाहीतर मृत चार्जर ढाब्यासमोर उभा राहतो आणि शिव्या तुम्हाला पडतात.

एजंटाला अजून हो-नाही काही सांगू नका. एक साधा मल्टिमीटर घ्या, ढाब्याच्या थ्री फेज मीटरपाशी सलग सात दिवस सकाळी ८, दुपारी २, संध्याकाळी ७ आणि रात्री १० वाजता दोन-दोन फेजमधलं व्होल्टेज मोजा. हात बसलेला नसेल तर स्वतः करू नका, वायरमनला चहा पाजून करून घ्या. वहीत लिहा, कुठल्या दिवशी शेतीच्या मोटारी चालू होत्या तेही बाजूला टाका. जवळच्या डीपीवरच्या पाटीचा फोटो काढा, त्यावर केव्हीए असतात. उपकेंद्राचं नाव आणि अंतर महावितरणच्या सेक्शन ऑफिसातून विचारून घ्या. एवढं मला कळवलंत तर केबल कुठली आणि ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा ते सांगतो. संध्याकाळी सातचा आकडा ३८० च्या खाली आला, तर आधी ट्रान्सफॉर्मरचंच बोलू.